पडद्याचा ठसा : जुन्या मराठी संकेतस्थळांची लघुचित्रे आणि इतिहासाचे साधन

#थ्रेड

शिलालेखाचा ठसा घेताना सर्वाधिक चुका घाईमुळे होतात. दगड धुऊन घ्यायचा, त्यावर ओला कागद बसवायचा आणि ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा. त्यानंतर थांबायचे. कागदात पाणी जास्त असताना शाईचा बोळा फिरवला तर शाई पसरते आणि अक्षर व भोवतालचा दगड मिळून एकच काळा डाग उरतो. कागद फार वाळला तर तो दगड सोडू लागतो. ठसा घ्यायचा तो या दोन अवस्थांच्या मधल्या थोड्या वेळात. हा वेळ पुस्तकात मिनिटांनी सांगता येत नाही. हाताला कळावा लागतो.

आज ज्या ठशाविषयी लिहिते आहे तो मात्र संगणकाच्या पडद्याचा आहे. वेबपानाचे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल. पुढे त्याला लघुचित्र म्हणेन. हा विषय इतिहासाच्या थ्रेडमध्ये कसा आला, ते आधी सांगायला हवे.

माझे गाव डाळज. पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की महामार्गाच्या उत्तरेला उजनीचे पाणी दिसू लागते, तो हा पट्टा. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले आणि यशवंतसागर जलाशयाने भीमाकाठची कित्येक गावे पोटात घेतली. जवळच पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्यात आहे. ज्या उन्हाळ्यात पाणी पुरेसे उतरते, त्या उन्हाळ्यात ते वर येते आणि त्याबरोबर बातम्यांचीही एक लाट येते. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी याच बातम्या, आठवणी आणि लेख जमवत होते. संदर्भ साठवण्याच्या एका डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये दुवा टाकला की तो पानाचे लघुचित्र काढून कार्डावर लावत असे. सत्राच्या शेवटी कार्डे उघडली. कुठे करडा चौकोन, कुठे पानभर पसरलेली जाहिरात, कुठे मथळ्याची जागा कोरी. मूळ पानांपैकी काही तोवर गायब झालेली होती. त्या पानांचा माझ्यापाशी असलेला एकमेव दृश्य पुरावा म्हणजे तो करडा चौकोन.

तेव्हापासून या चौकोनाच्या इतिहासामागे लागले.

आरंभ विंडोजच्या संगणकांवरून करावा लागतो. २००० नंतरच्या दशकात डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेबपान दाखवायचे असेल, तर हाताशी असलेला सोपा मार्ग एकच होता : इंटरनेट एक्सप्लोररचे इंजिन आपल्या खिडकीत बसवायचे. पान दिसू लागले की त्याचे चित्र घ्यायचे दोन प्रकार होते. पहिला प्रकार म्हणजे पडद्यावरचे ठिपके जसेच्या तसे उचलणे. यात वर दुसरी खिडकी आली, स्क्रीनसेव्हर सुरू झाला किंवा खिडकीचा कोपरा पडद्याबाहेर गेला, तर तेच चित्रात उतरायचे. दुसरा प्रकार म्हणजे इंजिनालाच सांगणे की, तुझे पान पडद्याऐवजी या स्मृतीतल्या कोऱ्या चित्रावर रंगव. हा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध होता. परंतु फ्लॅशसारख्या बाहेरच्या जोडण्या अनेकदा ही आज्ञा मानत नसत आणि त्यांच्या जागी काळा किंवा पांढरा आयत उरत असे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००५ पासून वेबपानाचा तयार घटक मिळू लागला, त्यातही चित्र काढण्याची पद्धत नावाला होती. या घटकासाठी तिला अधिकृत आधार नव्हता. लोक ती तरीही वापरत, आणि कधी चित्र मिळे, कधी कोरा कागद.

त्याच घटकाची आणखी एक खोड पुढच्या काळात उघड झाली. संगणकावर नवा इंटरनेट एक्सप्लोरर बसवलेला असला, तरी दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवलेले इंजिन, वेगळे सांगितले नाही तर, सातव्या आवृत्तीसारखेच वागत असे. ब्राउझरमध्ये नीट दिसणारे पान लघुचित्रात मोडके दिसे, आणि दोष पान लिहिणाऱ्याच्या माथी जाई.

आणि सर्वांत जुना प्रश्न : पान ‘झाले’ असे केव्हा म्हणायचे? त्या घटकाकडून ‘पान पूर्ण झाले’ अशी सूचना येत असे. परंतु पानात चौकटी असतील तर प्रत्येक चौकटीमागे ती पुन्हा येई. पहिल्या सूचनेवर विसंबून चित्र घेतले तर पुष्कळदा फक्त जाहिरातीची चौकट भरलेली असायची. ओल्या कागदावर बोळा फिरवण्याचाच हा प्रकार.

हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर समोर आला तो ब्राउझरांनीच लघुचित्रे वापरायला घेतली तेव्हा. ऑपेराने एप्रिल २००७ मध्ये ९.२ या आवृत्तीत स्पीड डायल आणले : नव्या टॅबवर नऊ चौकोन, प्रत्येकात आवडत्या पानाचे चित्र. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याच्याही नव्या टॅबवर सर्वाधिक पाहिलेल्या पानांची नऊ चित्रे होती. क्रोमच्या अभियंत्यांनी यासाठी जी गुणपद्धती लिहिली, ती मला या सबंध इतिहासातली सर्वांत वाचनीय गोष्ट वाटते, कारण ती साधनचिकित्साच आहे. प्रत्येक चित्राला काही प्रश्न विचारले जात. चित्र घेतले तेव्हा पान वरच्या टोकाला होते की वापरकर्ता खाली सरकला होता? खिडकीचा आकार असा होता का, की चित्र कापताना मुख्य भाग तुटणार नाही? पान उतरून पूर्ण झाले होते का? आणि चौथा प्रश्न : चित्र किती कंटाळवाणे आहे? कंटाळवाणेपणाचे माप असे की, चित्रातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाशमात्रेचे ठिपके एकूण ठिपक्यांत किती आहेत ते मोजायचे. सगळे चित्र एकाच छटेचे असेल तर ते बहुधा कोरे पान असणार. नवे चित्र जुन्यापेक्षा वाईट ठरले तर जुनेच ठेवायचे. मात्र वेळ जाईल तसा जुन्याचा गुण थोडाथोडा घटवायचा, म्हणजे ते कायमचे ठाण मांडून बसणार नाही.

दोन प्रती हाती असताना कोणती प्रमाण धरायची, हा प्रश्न संशोधकांना नवा नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपण तेच करत आलो आहोत. क्रोमने तो यंत्राला अंकांत शिकवला, इतकेच.

पण या मापाची मराठी पानांशी गाठ पडली की एक गंमत होते. पांढरी पार्श्वभूमी, बारीक काळा मजकूर, एकही छायाचित्र नाही, असे कथेचे किंवा लेखाचे पान पूर्ण उतरलेले असूनही ‘कंटाळवाणे’ ठरू शकते. आणि बटबटीत जाहिरातींचे पान अर्धवट उतरले असतानाही पुढे जाऊ शकते.

मराठी पानांची खरी अडचण मात्र याहून जुनी आहे आणि ती फॉन्टची आहे. इथे थोडे थांबते, कारण तरुण वाचकांपैकी अनेकांनी तो काळ पाहिलेला नाही.

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती. तिची मांडणी भारतीय इस्की मानकावर बेतलेली होती. पण मानक असणे वेगळे आणि घरच्या संगणकाला ते कळणे वेगळे. विंडोज २००० आले, त्याबरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट आला, तेव्हा कुठे सामान्य वापरकर्त्याच्या यंत्रात युनिकोड देवनागरीची सोय झाली. त्यानंतरच्या एक्स्पीमध्येही ही सोय वेगळी चालू करावी लागे. दरम्यान मराठी माणूस थांबला नव्हता. मायबोली १९९६ मध्येच सुरू झाले होते, वृत्तपत्रांची संकेतस्थळे उभी राहत होती, परदेशातली मंडळी दिवाळी अंक संगणकावर काढू लागली होती. हे सगळे कसे लिहिले जात होते? बऱ्याच ठिकाणी, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या फॉन्टमधून. पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशी त्यांची कुळे होती आणि एका कुळाचे संकेत दुसऱ्याशी जुळत नसत. पानाच्या पोटात प्रत्यक्षात साठवलेली असत ती रोमन अक्षरे, डॉलरच्या खुणा, कंस आणि स्वल्पविराम. त्यावर तो विशिष्ट फॉन्ट चढवला की मराठी दिसे. काढला की अर्थहीन कचरा.

वाचकाकडे फॉन्ट नसेल तर काय, यावर १९९७ च्या सुमारास उत्तर निघाले : पानाबरोबर फॉन्टच पाठवायचा. नेटस्केप ४ ने एक स्वरूप स्वीकारले, इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने दुसरे. मराठीत यांना डायनॅमिक फॉन्ट म्हणत. वाचकाला काहीच उतरवून घ्यावे लागत नसे, पान उघडले की काही क्षण रोमन कचरा दिसे आणि मग एकाएकी मराठी उमटे. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना तो क्षण आठवत असेल.

लघुचित्र काढणाऱ्या यंत्राला नेमका तोच क्षण नडतो. पानाचा मजकूर उतरला, ‘पूर्ण झाले’ अशी सूचना आली, चित्र घेतले. फॉन्ट पोचायला अर्धा सेकंद बाकी. चित्रात कचरा. आजच्या वेबफॉन्टमध्येही हे दुखणे वेगळ्या रूपात आहे : फॉन्ट येईपर्यंत अनेक ब्राउझर सुमारे तीन सेकंद मजकूर अदृश्यच ठेवतात. त्या तीन सेकंदांत घेतलेल्या चित्रात रकाने, रेषा, छायाचित्रे सगळे असते आणि शब्द एकही नसतो. माझ्या कार्डांवरची मथळ्याची कोरी जागा हीच असावी.

आता या साऱ्याचा साधनांशी असलेला संबंध. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून वेबपाने साठवत आहे आणि ऑक्टोबर २००१ पासून वेबॅक मशीनमधून ती कोणालाही पाहता येतात. साहजिकच आपल्याला वाटते की जुनी मराठी संकेतस्थळे तिथे सुखरूप असतील. काही आहेतही. परंतु डायनॅमिक फॉन्टच्या फाइलीत, फॉन्टची चोरी होऊ नये म्हणून, तो कोणत्या संकेतस्थळावर चालावा याची नोंद बांधलेली असे. पान संग्रहाच्या पत्त्यावरून उघडले की पत्ता वेगळा. फॉन्ट सापडला तरी चालायला नकार देतो. शिवाय नेटस्केपचे स्वरूप त्याच्या पुढच्या पिढीत टिकले नाही, आणि दुसरे स्वरूप वाचणारा इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे पान जपले गेले, फॉन्टही कदाचित जपला गेला, आणि तरीही आजच्या ब्राउझरला ते पान वाचता येत नाही.

अशा वेळी कोणी २००१ मध्ये, आपल्या संगणकावर, योग्य क्षणी घेतलेले त्या पानाचे चित्र सापडले तर त्याची किंमत काय? मूळ फाइल आहे पण वाचता येत नाही, चित्र आहे आणि वाचता येते. मला तरी इथे चित्र हेच पहिल्या दर्जाचे साधन वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. फॉन्ट कोणता ते कळले तर त्या रोमन कचऱ्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. तशी रूपांतरके उपलब्ध आहेत. खरे आहे. पण फॉन्ट कोणता ते कळायला हवे, आणि रूपांतर झाल्यावर ते बरोबर झाले की नाही हे ताडून पाहायला काहीतरी हवे. जोडाक्षरे आणि रफार यांत ही रूपांतरके हमखास चुकतात. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर छापताना शेजारी मूळ कागदाचे छायाचित्र असले की वाचक स्वतः तपासू शकतो. लघुचित्राचे, ते पुरेसे मोठे असेल तर, तेच काम आहे.

जगात याचे एक चांगले उदाहरण आहे. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज ही लोकांच्या स्वतःच्या पानांची वसाहत बंद केली. बंद होण्यापूर्वी स्वयंसेवकांनी तिचा मोठा भाग उतरवून घेतला. पुढे ओलिया लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या दोघा कलावंत-संशोधकांनी त्या साठ्यातल्या पानांची चित्रे काढून २०१३ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांनी आजचा ब्राउझर वापरला नाही. जुने विंडोज, त्यात जुना नेटस्केप, त्या काळच्या पडद्याचा आकार, असे सगळे वातावरण उभे करून त्यात पान उघडले आणि मग चित्र घेतले. खिडकीची चौकट आणि बटणेही चित्रात ठेवली. पान म्हणजे फाइल आणि ती दाखवणारे यंत्र, दोन्ही मिळून. ही त्यांची भूमिका मला पटते. मराठी संकेतस्थळांसाठी असा प्रयत्न झाला तर नेटस्केप ४ व इंटरनेट एक्सप्लोरर यांच्याबरोबर फॉन्टची कुळेही बसवावी लागतील, एवढाच फरक.

चित्र विश्वासार्ह आहे म्हणजे नेमके काय, याचा आणखी एक पैलू फायरफॉक्सने दाखवला. जून २०१२ मध्ये १३ व्या आवृत्तीत त्यानेही नव्या टॅबवर लघुचित्रे आणली, आणि लोकांच्या लक्षात आले की बँकेची, पत्रपेटीची पानेही त्यांत दिसत आहेत. कोणाच्याही खांद्यावरून डोकावले तरी शिल्लक कळावी अशी स्थिती. पुढे पडद्यामागे, कुकी न पाठवता, पान नव्याने उघडून त्याचे चित्र घेण्याची व्यवस्था आली. खाजगीपण राखले गेले. पण आता ते चित्र ‘तुम्ही पाहिलेल्या’ पानाचे राहिले नाही. अनोळखी पाहुण्याला संकेतस्थळ जे दाखवते त्याचे ते झाले, आणि पुष्कळदा ते म्हणजे प्रवेशाची पाटी. दोन्ही चित्रे खरी आहेत. साक्षीदार निराळे आहेत.

माझ्या करड्या चौकोनांकडे परत येते. बारामतीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मित्राला मी ही सगळी कथा ऐकवली. त्याने आधी हसून घेतले आणि मग माझ्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. आजचे डेस्कटॉप प्रोग्रॅम बहुधा क्रोमियमचे इंजिन पोटात घेऊन येतात, त्यामुळे इंजिनाचा प्रश्न उरलेला नाही. पण पहिल्याच दिवशी कोरे चित्र आले. कारण, खिडकी लपवलेली असेल तर ती रंगवण्याचे कष्ट इंजिन घेतच नाही. जे कोणी पाहत नाही ते काढायचे कशाला? त्यासाठी पडद्याबाहेर रंगवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. क्रोममध्ये २०१७ पासून खिडकीविना चालण्याची जी सोय आली, तिचे तत्त्वही हेच.

त्यानंतरचे काम वाट पाहण्याचे. त्याने बसवलेला क्रम असा : पान उतरल्याची सूचना, मग फॉन्ट तयार झाल्याची सूचना, मग हळूहळू खालपर्यंत सरकून पुन्हा वर, कारण अनेक पाने छायाचित्रे नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत मागवतच नाहीत, आणि शेवटी अर्धा सेकंद जाळ्यावर शांतता. काही पाने कधीच शांत होत नाहीत, जाहिराती बदलत राहतात. त्यांच्यासाठी तीस सेकंदांची कमाल मर्यादा. चित्र आले की कंटाळवाणेपणाची परीक्षा, नापास झाले तर थोड्या वेळाने पुन्हा.

एक बारीक गोष्ट आम्हा दोघांनाही उशिरा कळली. मोठे चित्र लहान करताना मधले ठिपके नुसते गाळत गेले की देवनागरीची शिरोरेषा जाते. ती एकदोन ठिपक्यांचीच असते. गाळण्याच्या ओळीत सापडली की सबंध ओळीचा माथा उडतो आणि मराठी मजकूर गुजरातीसारखा दिसू लागतो. शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढत लहान केले की ती फिकट होते, पण राहते. रोमन लिपीवर चाचणी घेणाऱ्याच्या हे ध्यानात येण्याचे कारण नाही. आम्ही आता मूळ आकाराचे चित्रही वेगळे ठेवतो, हानी न होणाऱ्या पीएनजी स्वरूपात, आणि कार्डावर फक्त लहान प्रत लावतो.

प्रत्येक चित्राशेजारी मी चार ओळींची नोंद लिहिते : पत्ता, दिवस आणि वेळ, खिडकीची रुंदी, आणि पानाने मागितलेला व प्रत्यक्ष दिसलेला फॉन्ट. शेवटची नोंद माझ्या मार्गदर्शकांना आरंभी विचित्र वाटली होती. मग त्यांनीच आपल्या जुन्या संगणकातून एका संकेतस्थळाची जपून ठेवलेली फाइल आणली. ती उघडल्यावर पडद्यावर डॉलरच्या खुणा आणि कंस आले. फॉन्टचे नाव फाइलीत सापडले, रूपांतर जमले, पण एका परिच्छेदातली दोन जोडाक्षरे आजही आम्हाला लागलेली नाहीत.

म्हणून या थ्रेडच्या वाचकांना एक विनंती. घरात १९९७ ते २००५ या काळातला संगणक, सीडी किंवा मराठी वेबपानांच्या छापील प्रती असतील तर त्या टाकून देण्याआधी पाहा. पान छापलेले असेल तर त्याच्या तळाशी पत्ता आणि तारीख बहुधा आपोआप आलेली असते. ती कापू नका. संगणक सुरू होत असेल तर फॉन्टचा फोल्डर आधी उतरवून घ्या, पाने नंतर. आणि पान उघडून चित्र घेणार असाल, तर मराठी उमटेपर्यंत थांबा.